ग्रॅफाइट विजेचे सुवाहक असूनही अधातू कसे?

प्रश्न:
धातू विजेचे सुवाहक असतात आणि अधातू दुर्वाहक, असे आठवीच्या वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने पेन्सिलीची (तिचे शिसे ग्रॅफाइटचे असते) दोन्ही टोके तासून परिपथात जोडली आणि एलईडी लावून दाखवला. आयोडिनच्या स्फटिकांना चकाकी असते आणि पारा तर द्रव आहे. मग या वर्गीकरणाचा खरा आधार कोणता मानावा?

प्रतिसाद १:
वाहकता, चकाकी आणि काठिण्य हे भौतिक गुणधर्म अणूंच्या परस्पर जोडणीवर अवलंबून असतात, म्हणून अपरूप (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या अणुरचनेचे रूप) बदलले की तेही बदलतात. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन अणू शेजारच्या तीन अणूंशी बद्ध असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, त्यामुळे थराच्या दिशेने वीज सहज वाहते, एका थरातून दुसऱ्यात मात्र फारच कमी. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात, म्हणून तो दुर्वाहक. पण दोन्ही भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळले तर कार्बन डायऑक्साइडच मिळतो आणि तो पाण्यात विरघळून आम्ल तयार करतो. माझ्या मते वर्गात हाच रासायनिक स्वभाव आधी दाखवावा: धातूंची ऑक्साइडे सहसा आम्लारिधर्मी असतात, अधातूंची आम्लधर्मी. मॅग्नेशिअमची फीत जाळून तिची राख पाण्यात ढवळली की तांबडा लिटमस निळा होतो, तर जळत्या गंधकाच्या वायूत ओला निळा लिटमस तांबडा होतो. गंधकाचा प्रयोग मोकळ्या हवेतच करावा.

प्रतिसाद २:
अपरूपानुसार गुणधर्म बदलतात हे धातूतही दिसते; भांड्यांना कल्हई करताना वापरतात ते कथिल येथे आठवते. नेहमीचे पांढरे कथिल चकचकीत व वर्धनीय असते, परंतु १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे करडे, ठिसूळ अपरूप अधिक स्थिर ठरते आणि त्याची अणुरचना हिऱ्यासारखी असते. हा बदल अतिशय मंद असतो व तीव्र थंडीतच वेग घेतो, त्यामुळे आपल्याकडच्या कल्हईला त्याची भीती नाही.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पण कार्बन मोनॉक्साइड उदासीन आहे, मग ऑक्साइडची कसोटी तरी पुरते का?

प्रतिसाद १:
एकटी पुरत नाही, आपली शंका योग्य आहे. ॲल्युमिनिअम व जस्त यांची ऑक्साइडे उभयधर्मी, म्हणजे आम्ल व आम्लारी दोन्हींचे गुण दाखवणारी असतात. क्रोमिअमचे उदाहरण तर फार बोलके आहे: त्याचे ऑक्साइड संयुजा दोन असताना आम्लारिधर्मी, तीन असताना उभयधर्मी आणि सहा असताना आम्लधर्मी असते, तरीही क्रोमिअमला धातूच म्हणतात, कारण त्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावून धन आयन सहज तयार करतात. ऑक्साइडसोबत हेही तपासावे.