मुख्याध्यापक कडक हवा की विचारून चालणारा? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

गोदाकाठ : आपल्याकडं 'साहेब कडक आहेत' म्हणजे काय? मस्टर वेळेवर उचलतात, हालचाल नोंदवही बघतात, टाचणावर (पाठाच्या आराखड्यावर) सही करतात. लॉगबुकात (तास बघून शेरा लिहायच्या वहीत) मात्र तेच ते, 'अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे'. पाच मिनिटं दारात उभं राहून दुसरं काय लिहिणार? शिक्षक याला नेतृत्व म्हणत नाहीत. महिन्यातून प्रत्येकाचा एक तास पूर्ण बघा, त्याच दिवशी बसून दोनच मुद्दे बोला. टाचण चार दिवस उशिरा तपासलं तर शाळा बुडत नाही.

बालाघाट : तास बघायला माणूस मोकळा तर पाहिजे! आरटीई 2009 (शिक्षण हक्क कायदा) प्रमाणं पहिली ते पाचवीत पटसंख्या 150 च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद. दोनशिक्षकी शाळेत तोच वर्ग घेतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरतो. आणि मस्टरला नावं ठेवू नका. एकाला उशीर माफ केला की आठवड्यात चौघं मागतात, अन् वेळेवर येणाऱ्याच्या गळ्यात दोन वर्ग पडतात.

काळी माती : कडकपणाचा राग नसतोच हो, दुजाभावाचा असतो. बीएलओचं (मतदार यादीचं) काम कुणाला, दहावीचे तास कुणाला, रजेवरच्याचे बदली तास सारखे कुणालाच का? खाजगी अनुदानित शाळेत तर संस्थाचालकाच्या जवळचा कोण, हे शिपायालाही ठाऊक असतं. बदली तासांचा हिशेब स्टाफरूममधल्या फळ्यावर लिहा, निम्मी कुजबुज तिथंच थांबते.

सीताफळ : बीडकडं विचारून चालण्याला पर्याय नाही. कोणत्या घरानं ऊसतोडीला जायला मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली, हे वर्गशिक्षकाला आधी कळतं. मुख्याध्यापकानं सप्टेंबरातच त्यांना घेऊन बसावं : कोणती मुलं आजीकडं राहतील, कोणाला हंगामी वसतिगृह लागेल. दिवाळीनंतर यादी केली तर कोयते (ऊसतोड जोड्या) निघून गेलेले असतात. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत असा नियम, पण तेच उसाच्या फडावर गेले तर सभा कोणाची घेणार? एकट्यानं ऑफिसात बसून केलेल्या यादीत गेलेली मुलं राहतात आणि राहिलेली सुटतात.

बालाघाट : यादीचं मान्य. पण त्रुटी निघाली की नोटीस एकट्या मुख्याध्यापकालाच येते, तेव्हा 'आम्ही मिळून ठरवलं' म्हणायला कोणी पुढं येत नाही.

सीताफळ : मग बैठकीचं इतिवृत्त लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. मस्टरवर घेताच की!