ओपन किचनसाठी भिंत पाडावी का? आणि सल्ला नक्की कोणाचा घ्यावा?

पेठेबाहेरचा
कोथरूडला १९८७ सालची तीन मजली सोसायटी, आमचा दुसरा मजला, टू बीएचके. मुलगा-सून बंगलोरहून परत येतायत, त्याआधी घराचं काम काढायचंय. सुनेचं म्हणणं, हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढा, घरात उजेड येईल. आमच्या हिचं म्हणणं, फोडणीचा खकाणा सोफ्यावर नको. मिस्त्रीने भिंतीवर टकटक केली आणि म्हणाला, "काका, पार्टिशन आहे, दोन दिवसांत उडवतो." एका इंटिरियरवालीने थ्रीडी चित्रं दाखवली, सुंदर आहेत, पण फी ऐकून मी चहा मागवला. खालच्या मजल्यावाल्यांनी हीच भिंत मागेच काढलीय. जाणकारांनी सांगावं.

फोडणीवाली
काढू नका. चिमणी बसवू असं सगळे म्हणतात. धुरांडं खिडकीबाहेर काढता आलं तर ठीक, नाहीतर बिनपाइपची चिमणी तीच हवा गाळून परत घरात सोडते. मोहरी-हिंगाचा वास पडद्यांत बसतो आणि पंख्याच्या पात्यावर चिकट थर धरतो. शिवाय भिंत गेली की फ्रिज, मिक्सरचा पॉइंट आणि कपाटं कुठे नेणार?

खारघरची_सून
फोडणीवालीताई, मासे तळणाऱ्या घरात राहते मी, आणि तरीही ओपन किचनच्या बाजूने आहे. पाहुणे हॉलमध्ये हसतायत आणि भिंतीपलीकडे एकटी बाई पोहे परतत "काय म्हणालात?" ओरडतेय, हे चित्र मला तरी नको. पडद्यांना वास लागतो, तर धुवावेत. स्वयंपाक करणारीने कोंडून का राहायचं?

फोडणीवाली
कोंडून नाही, निवांत. चार भांडी ओट्यावर पडली असतील तर ती जगाला दिसू नयेत एवढीच अपेक्षा.

विटा_वाळू
वासाचं नंतर बघू, आधी इमारत. बांधकामावर आयुष्य गेलंय म्हणून जरा लांबण लावतो.

टकटक करून काहीही कळत नाही. त्या काळी तीन मजल्यांपर्यंतच्या इमारती लोड-बेअरिंगही बांधायचे. म्हणजे कॉलम नाहीत, स्लॅबचा भार थेट भिंतींवर. तशी असेल तर आतली भिंतही वरचा मजला पेलत असू शकते. आरसीसी फ्रेम, म्हणजे लोखंड-काँक्रीटचा सांगाडा असेल तर भार बीम-कॉलमवर आणि मधली भिंत बहुधा नुसता आडोसा. दरवाजाच्या चौकटीपाशी जाडी मोजा. प्लॅस्टर धरून साडेपाच-सहा इंच म्हणजे अर्ध्या विटेची, दहाच्या आसपास म्हणजे एका विटेची. पण जाडीवर निकाल लावू नका, फ्रेमच्या इमारतीतही नऊ इंची भिंती असतात.

खालच्यांनी काढली म्हणून आपणही काढू, हा युक्तिवाद उलटा आहे. लोड-बेअरिंग असेल तर तुमची भिंत आत्ता कशावर उभी आहे? खाली जाऊन त्यांचं छत बघा. जिथे भिंत होती तिथे आडवा बीम खाली उतरलेला दिसला तर पुढचं बोलू.

आणि राडारोडा. दहा फूट लांब, नऊ फूट उंच अर्ध्या विटेची भिंत, दरवाजा वजा करूनही प्लॅस्टरसकट पावणेदोन-दोन टन भरते. मिस्त्री लोक पोती भरून गॅलरीत रचतात. ती गॅलरी पुढे आलेल्या स्लॅबवर अधांतरी असते. तिथे एक पोतंही साठवू देऊ नका, त्याच दिवशी खाली उतरवा.

नाना_फटकळ
आले इंजिनियर घाबरवायला. माझं उलट मत. ज्या मिस्त्रीने त्याच सोसायटीत वीस घरं केलीत त्याला कुठला पाइप कुठून जातो, कुठल्या संडासाचा कोबा गळतो, सगळं तोंडपाठ असतं. आमच्याकडे इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये गॅस सिलिंडरला जागाच नव्हती! सुताराने दाखवून दिलं. ओटा किती उंच हवा तेही त्याने बायकोला उभं करून, कोपराची उंची बघून ठरवलं. थ्रीडी चित्रात माणूस नसतोच.

विटा_वाळू
नाना, ओट्याची उंची, ट्रॉली, टाइल, यात मिस्त्री-सुतारच गुरू. भांडण एवढंच की उद्या वरच्यांच्या भिंतीला तडा गेला तर तो कागदावर सही करून जबाबदारी घेणार आहे का? स्ट्रक्चरल इंजिनियरची भेट-फी नव्या ओट्याच्या ग्रॅनाइटपेक्षा कमी पडेल.

नाना_फटकळ
सही असलेल्या इमारतीही पडल्यात.

खारघरची_सून
नाना, सही नसलेल्या पडल्या तर धरायचं कोणाला ते सांगा. बाकी काका, सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. आणि गॅसची पाइपलाइन त्या भिंतीवर असेल तर मिस्त्रीला हात लावू देऊ नका, कंपनीचीच माणसं हलवतात.

हिशेबी
सगळे भिंतीवर बोलताय. १९८७ ची सोसायटी, कोथरूड, म्हणजे रिडेव्हलपमेंटची चर्चा असणारच. पंधरा लाख घालून इटालियन मार्बल लावाल आणि चार वर्षांत बिल्डर सगळं पाडेल. रंग, वायरिंग, गळती, बस.

पेठेबाहेरचा
हिशेबी, आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा नातवंडांच्या मुंजी होईपर्यंत चालतील. एक बिल्डर आला, पेढे वाटून गेला, परत दिसला नाही. तोवर अंधारात बसायचं?

विटा_वाळू
सोसायटीच्या उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी व्हायला हवी. तुमच्याकडे झालं असेल तर सेक्रेटरींकडून अहवाल मागा. ज्याने ऑडिट केलं त्यालाच बोलवा, त्याला इमारत माहीत आहे. मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग सोसायटीच्या फाइलीत सापडलं तर त्याचं काम निम्मं होईल.

पेठेबाहेरचा
खाली जाऊन आलो. त्यांनी सगळीकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग ठोकलंय, बीम आहे की नाही काहीच दिसत नाही. त्यांनाही आठवत नाही. उलट मलाच चहा पाजून विचारलं, "का हो, काही प्रॉब्लेम आहे का?"

विटा_वाळू
सीलिंगमधला एखादा गोल दिवा मेन स्विच बंद करून खाली ओढायला लावा, त्या भोकातून टॉर्च मारून मोबाइलने फोटो काढा. आणि त्यांनाही इंजिनियरच्या भेटीला बसवा. फी निम्मी-निम्मी.

फोडणीवाली
आणि सुनेला सांगा, भिंत ठेवून वरच्या अर्ध्या भागात सरकती काच बसते का तेही विचारायला. उजेडही येईल, कढईही झाकली जाईल.

नाना_फटकळ
काचेवर तेलाचे ओघळ. पुसणार कोण, इंजिनियर?