तीन फुटी फळ्यांना बाक आलाय – डागडुजी करावी की नवीन कपाट?

पिवळी_पानं
रेडिमेड कपाट आहे. उंची ६ फूट, रुंदी ३ फूट, खोली १२ इंच, पाच खण. फळ्या १८ मिमी पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड). मधोमध जवळजवळ १ सेंमी बाक आहे. दोन खणांत दिवाळी अंक, एकात कोशांचे खंड, बाकी कादंबऱ्या. मागचा ३ मिमी हार्डबोर्ड खाचेतून निसटू लागलाय. भिंत सायपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र एएसी ब्लॉकची. अजून पाचेकशे पुस्तकं यायची आहेत. आहे तेच कपाट सावरता येईल का? आणि नवीन करून घ्यायचं तर फळी किती जाड घ्यावी?

रंधा_आणि_पटाशी
जाडीच्या आधी लांबी बघा. पुस्तकांनी गच्च भरलेल्या फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. अडीच फुटांची फळी तीन फूट केली की तोच माल दुप्पट वाकतो, चार फूट केली तर साडेसहा पट. जाडीचा हिशेब तिसऱ्या घाताचा, म्हणजे १८ ऐवजी २५ मिमी घेतली तर बाक अडीच-पावणेतीन पटींनी कमी.

आधी वजन काढा. एक फूट पुस्तकं सुतळीने बांधून वजनकाट्यावर ठेवा. साध्या कादंबऱ्या फुटाला ६-७ किलो भरतात, दिवाळी अंक १० च्या आसपास, मोठ्या आकाराचे बांधीव खंड १३-१४, आणि आर्ट पेपरची चित्रांची पुस्तकं २० पर्यंत जातात. म्हणजे तुमच्या कोशांच्या खणात चाळीसेक किलो आहेत. १२ इंच खोलीत पुढेमागे दोन रांगा लावल्या असतील तर आकडे दुप्पट धरा. हे बहुतेकजण विसरतात.

पार्टिकल बोर्ड आज जेवढा वाकतो तेवढ्यावर थांबत नाही. भार कायम राहिला की वर्षभरात बाक दुप्पट होतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत आणखी लवकर. फळी उलटी करून लावणं हा तात्पुरता इलाज, काही महिन्यांत ती पुन्हा खाली येते.

डागडुजी अशी: प्रत्येक खणात मधोमध १८ मिमी प्लायचा उभा तुकडा द्या, फळीच्या पूर्ण खोलीइतका. सगळे तुकडे एका ओळंब्यात हवेत, थेट तळफळीखाली जमिनीपर्यंत. एकाच खणात आधार दिला तर वरचं वजन खालच्या फळीच्या पोटावर येतं आणि ती बसते. फळ्या आधी रिकाम्या करून, खालून रेटून सरळ करा, मगच माप घ्या. बाकलेल्या स्थितीत माप घेतलं तर तुकडा आखूड पडतो.

हार्डबोर्ड काढून ६ मिमी, जमल्यास ९ मिमी प्लाय मागून ठोका. दर १५ सेंमीवर स्क्रू, प्रत्येक फळीच्या मागच्या कडेत. पार्टिकल बोर्डच्या कडेत थेट स्क्रू मारला की ती फुटते. ४ मिमी स्क्रूला आधी २.५ मिमीचं भोक पाडा आणि फळीच्या टोकापासून ५ सेंमी सोडून मारा. ही पाठ बसली की कपाट डावी-उजवीकडे डुलायचंही थांबतं.

चौकट_राजा
वरच्याशी सहमत, पण पिना राहिल्या. फळी ज्यांच्यावर टेकते त्या ५ मिमीच्या शेल्फ-पिना बाजूच्या बोर्डात भोक लांबट करतात आणि एक दिवस फळी तिरकी होते. कोशांच्या खणात पिना काढून दोन्ही बाजूंना १९ × २५ मिमी सागाची पट्टी लावा, पूर्ण खोलीभर, प्रत्येकी ३२ मिमीचे तीन स्क्रू. फळी त्यावर टेकवा.

नवीन करणार असाल तर १९ मिमी प्लाय, खणाची रुंदी अडीच फूट, कोशांसाठी दोन फूट. पुढच्या कडेला दीड इंच उंच सागाची पट्टी, गोंद लावून आणि क्लॅम्पने दाबून. नुसते खिळे मारून लावलेली पट्टी शोभेची. नीट चिकटलेली असेल तर फळी अडीचेक पट ताठ होते आणि मग तीन फूटही चालतात.

मिस्त्रीला एक गोष्ट बजावून सांगा: फळीची लांबी शीटच्या ८ फुटांच्या दिशेनेच निघाली पाहिजे. उरलेला तुकडा वाचवायला आडवं कापतात, तिथे ताकद जाते. साडेअकरा इंच रुंदीच्या चार पट्ट्या, प्रत्येकीच्या तीन फळ्या, म्हणजे एका ८ × ४ शीटमधून साडेएकतीस इंची बारा फळ्या सरळ रेषांच्या निघतात.

गुट्टी_१०
सायपोरेक्सबद्दल: साधी ८ मिमीची गुट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी नळी) त्यात फिरते, भरवसा ठेवू नका. एएसी ब्लॉकसाठीची लांब नायलॉन गुट्टी मिळते, किमान ८० मिमीची घ्या. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. हॅमरने भोक मोठं होतं आणि आत नुसती पूड राहते. ब्लॉकच्या सांध्यावर भोक नको. कपाटाचं वजन भिंतीवर टांगायचं नाहीये, ते पुढे कलंडू नये एवढंच बघायचं, म्हणून माथ्यावर दोन एल-अँगल पुरे. स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या पायथ्याची फरशीची पट्टी) मागे १०-१२ मिमी फट राहते, तिथे प्लायची चकती भरा, नाहीतर स्क्रू आवळताना अँगल वाकतो. भिंत बाहेरची असेल तर मात्र इंचभर फट मुद्दाम ठेवा, ओल पुस्तकांपर्यंत येत नाही.

पिवळी_पानं
धन्यवाद. कोश सगळ्यात खाली हलवतो. प्लायऐवजी २५ मिमी ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या, वरखाली पातळ थर) सुचवतोय आमचा मिस्त्री, त्याचं काय? आणि अशी तीन कपाटं एका भिंतीला लावली तर स्लॅबला चालेल?

रंधा_आणि_पटाशी
ब्लॉकबोर्ड तीन फुटांना उत्तम, वजनालाही हलका, फक्त आतल्या लाकडी पट्ट्या फळीच्या लांबीच्या दिशेने हव्यात. कापलेली कड बघून घ्या. स्वस्त मालात पट्ट्यांमध्ये बोटभर पोकळ्या असतात आणि स्क्रू नेमका तिथेच जातो.

स्लॅबचं म्हणाल तर एक भरलेलं कपाट दोनशे-सव्वादोनशे किलो, तीन म्हणजे साडेसहाशे. घरगुती खोलीसाठी आयएस ८७५ या इमारतींच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, १० × १२ फुटांच्या खोलीला साधारण २,२०० किलो. आरसीसी इमारतीत, भिंतीलगत, काळजी नाही. चारही भिंती आणि मध्येही रॅक असा बेत असेल तर तो घरगुती हिशेब उरत नाही. ग्रंथालयाच्या स्टॅक-रूमला (पुस्तकांच्या रॅकची खोली) तेच मानक तिप्पट भार धरतं. तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. लाकडी तुळयांच्या जुन्या वाड्यात तर एका कपाटासाठीही तुळया ज्या भिंतीत शिरतात तीच भिंत निवडा.