मुलांचा पहिला बेसबॉल सामना: नेणाऱ्यांनी काय काय बघावं?

अमेरिकेत वाढलेल्या कुणालाही मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, पहिल्या सामन्याबद्दल विचारा. कोण जिंकलं ते बहुतेकांना आठवत नाही. आठवतं ते वेगळंच: अंधाऱ्या मार्गिकेतून जिना चढून वर आल्यावर एकदम समोर पसरलेलं हिरवं मैदान, बॅटचा लाकडी आवाज, प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम. ही आठवण नशिबावर सोडायचं कारण नाही, ती थोडी आखता येते. ज्यांनी बऱ्याच मुलांना नेलं आहे, त्यांनी इथे नेमकं लिहावं. कुठे बसायचं, किती वाजता पोचायचं, मुलाला आधी काय शिकवायचं, कुठे घोळ होतो आणि का. खाली आलेली उत्तरं आहेत, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचं ठिकाण.

न्यू जर्सी

मूल सहा वर्षांखालचं असेल तर सुरुवात मायनर लीगपासून करा. हीसुद्धा व्यावसायिक लीगच. मेजर लीगच्या ३० संघांशी बांधलेले १२० संघ चार पायऱ्यांवर खेळतात. आपल्या भागात ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. हा २०२१ पासून न्यूयॉर्कच्या यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए संघ, म्हणजे मायनर लीगमधल्या वरून दुसऱ्या पायरीवरचा. रॅरिटन व्हॅली मार्गावरचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला लागूनच आहे, त्यामुळे लहान मुलाला दोन गाड्या बदलून ब्राँक्सला न्यायची दगदग वाचते. तिकीट मेजर लीगच्या मानाने फार स्वस्त, त्यामुळे नऊपैकी पाचव्या इनिंगला (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने तीन-तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतात) मूल पेंगलं आणि उठावं लागलं तरी जीव चुटपुटत नाही. मैदान लहान असल्याने कुठूनही खेळाडूंचे चेहरे दिसतात. दोन इनिंगच्या मधल्या वेळात मुलांच्या शर्यती वगैरे चालू असतात.

मेजर लीगच पाहायची असेल तर क्वीन्समध्ये मेट्स (७ नंबरची गाडी, मेट्स–विलेट्स पॉइंट) आणि ब्राँक्समध्ये यांकीज (४, बी किंवा डी गाडी, १६१वा रस्ता). दोन्हीकडे स्टेशनातून बाहेर पडलं की मैदान समोरच दिसतं. गाडी घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

वेळेबद्दल. २०२३ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ लागलं (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो), तेव्हापासून सरासरी सामना २ तास ४० मिनिटांच्या आसपास आला. त्याआधी तो तीन तासांच्या पुढे जायचा. म्हणजे सातचा सामना पावणेदहापर्यंत. तरीही पहिल्या सामन्याला दुपारची वेळच बरी, शक्यतो रविवारची.

सनीवेल, कॅलिफोर्निया

क्रिकेट माहीत असलेल्या मुलाला (आणि उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी-आजोबांना) नियम सांगताना एक चूक सर्रास होते. आपण साम्यं सांगत बसतो. फरक सांगा, आणि चारच सांगा.

पहिला: विकेटच्या मागे मारलेल्याला काही किंमत नाही. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) निघणाऱ्या दोन रेषांमध्ये ९० अंशांचा कोन असतो, चेंडू त्या कोनातच पडायला हवा. लेट कट, ग्लान्स सगळे फाउल. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल हा स्ट्राइक धरला जातो (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद), पुढचे फाउल कितीही झाले तरी सहसा बॅटर उभाच राहतो. फाउल चेंडू झेलला तर मात्र बाद.

दुसरा: चेंडू त्या कोनात गेला की पळावंच लागतं. "मारला, पण पळायचं नाही" असं इथे चालत नाही.

तिसरा, आणि सगळ्यात घोळाचा: धाव पुरी करायला चार कोपऱ्यांवरच्या चार बेसना क्रमाने पाय लावत पळायचं असतं. कधी क्षेत्ररक्षकाने चेंडूसह बेसला नुसता पाय लावला तरी धावणारा बाद होतो, कधी त्याच्या अंगाला चेंडू लावावा लागतो. याचं कारण सांगितलं की मुलं पटकन पकडतात. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. मागून येणाऱ्यामुळे पुढच्याला बेस सोडणं भाग असेल, तर क्षेत्ररक्षकाने पुढच्या बेसवर चेंडूसह पाय ठेवला की पुरे. मागून ढकलणारा कुणी नसेल, तर अंगाला चेंडू लावायचा. घरी चार उशा मांडून दहा मिनिटं खेळून दाखवा. तोंडी सांगून हे डोक्यात शिरत नाही.

चौथा: यजमान संघ नेहमी नंतर फलंदाजी करतो. त्यामुळे नवव्या इनिंगचा पहिला अर्धा भाग संपला आणि यजमान पुढे असतील तर सामना तिथेच संपतो. मुलांना वाटतं अर्धी इनिंग राहिली. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर दहावीपासून दुसऱ्या बेसवर एक धावणारा आधीच उभा करतात. हा नियम २०२० पासूनचा, फक्त साखळी सामन्यांत.

बाकी सगळं मैदानात समजतं.

फिलाडेल्फिया

मुलाच्या हातात स्कोअरकार्ड द्या. सात वर्षांच्या पुढच्या मुलासाठी याहून चांगली गोष्ट नाही. फोन खिशात राहतो आणि दोन चेंडूंच्या मधला रिकामा वेळ भरून निघतो. बेसबॉल संथ वाटतो तो नोंद न ठेवणाऱ्यांना.

कार्ड मैदानात विकत मिळतं, पण मुलांसाठी घरूनच मोठ्या चौकटींचं छापून न्या. सोबत जाड पुठ्ठा, दोन पेन्सिली, खोडरबर. पेन नको, निर्णय फिरतात. बॅटरांचा क्रम सामन्याआधी साधारण अर्धा तास मोठ्या फलकावर दिसू लागतो. तो उतरवून घ्यायला वीस मिनिटं लागतात, म्हणून उशिरा पोचलात तर कार्डाचा बेत फसलाच.

क्षेत्ररक्षकांचे आकडे: पिचर १, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या मैदानातले तिघं डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. यात दोन ठिकाणी मुलं अडखळतात. एक म्हणजे हा आकडा पाठीवरचा नव्हे, जागेचा. दुसरं, शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असूनही ६ आहे, ५ नाही. एवढं बसलं की "६-४-३" हे वाचता येतं: शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर, दोन बाद. मुलाने स्वतः पाहून स्वतः लिहिलेला पहिला ६-४-३ त्याच्या दृष्टीने कुठल्याही होम रनपेक्षा (चेंडू कुंपणाबाहेर मारण्यापेक्षा) मोठा असतो.

तीन स्ट्राइकवर बाद झाला तर 'के' हे इंग्रजी अक्षर लिहितात. बॅट न फिरवताच बाद झाला तर तेच अक्षर आरशातल्यासारखं उलटं. हा 'के' आणि वर्तमानपत्रातला धावफलक हेन्री चॅडविक यांनी रूढ केला. ते जन्माने इंग्लंडमधल्या एक्झेटरचे आणि न्यूयॉर्कच्या पत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारे. क्रिकेटच्या माणसाने बेसबॉलला हिशेब शिकवला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावं.

लहान मुलासाठी तीनच खुणा ठेवा: बाद झाला तर गोलात १, २ किंवा ३, बेसवर पोचला तर तेवढी रेघ, धाव पूर्ण झाली तर अख्खा चौकोन रंगवायचा. कार्ड कोलमडतं ते एका इनिंगमध्ये नऊच्या वर बॅटर आले की. तेव्हा पुढचा उभा रकाना वापरायचा आणि वरचा इनिंगचा आकडा बदलायचा. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या इनिंगला रडारड.

बोस्टन

इथलं मेजर लीगचं मैदान फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, आणि जुनेपणाची किंमत आसनांत मोजावी लागते. छपराखालच्या ग्रँडस्टँडमध्ये लोखंडी खांब आहेत. तिकिटावर "दृश्याला अडथळा" असं लिहिलेलं असेल तर ते घेऊच नका. मोठा माणूस मान वाकडी करून बघतो, मुलाला फक्त खांब दिसतो. तिथल्या लाकडी खुर्च्याही अरुंद आहेत.

डावीकडची हिरवी भिंत ३७ फूट २ इंच उंच आहे, आणि तिच्या पायथ्याचा फलक अजून आतून माणसं हाताने बदलतात. आकड्याची पाटी सरकताना मुलाला दाखवा. ती बघायची तर पहिल्या बेसच्या बाजूला बसावं, म्हणजे भिंत समोर येते. ग्रीन लाइनने केनमोर, तिथून चालत.

शिकागो

इथल्या रिग्ली फील्ड या मैदानावर रात्रीचे दिवे आले ते थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. आजही तिथे दिवसाचे सामने बरेच असतात, म्हणून मुलांसाठी हे मैदान उत्तम. भिंतीवरची वेल १९३७ ची. पण एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या तपकिरी काटक्या दिसतील, आणि मिशिगन सरोवरावरून येणारा वारा हाडं गोठवतो. मेअखेरनंतर जा. चेंडू वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर करायचे, बॅटरला दोन बेस मिळतात. त्याने हात घालून चेंडू शोधायचा प्रयत्न केला तर खेळ चालूच राहतो. म्हणून "तो उचलत का नाही?" या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवा. रेड लाइन, ॲडिसन स्टेशन.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कला जाणाऱ्यांसाठी. जुलैमध्ये आपल्याकडे उकडतंय म्हणून मुलांना हाफ पँटवर नेऊ नका. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की वरच्या मजल्यावर थंडी वाजते. स्वेटर, कानटोपी, एक पांघरूण. सांताक्लारा, सनीवेलवाल्यांनी कॅलट्रेनने शेवटच्या स्टेशनापर्यंत जावं. तिथून मैदान लहान मुलाच्या चालीनेही पंधरा मिनिटांत येतं.

उजवीकडची भिंत २४ फूट आहे, संघाचे दिग्गज खेळाडू विली मेज यांच्या २४ क्रमांकाच्या मानार्थ. तिच्यावरून गेलेला चेंडू कधी कधी थेट पाण्यात पडतो, तिथे लोक होड्या घेऊन थांबलेले असतात. या भिंतीत कमानी आहेत आणि बाहेरच्या पदपथावरून जाळीतून सामना फुकट बघता येतो. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर जागा सोडावी लागते. तीन-चार वर्षांचं मूल किती वेळ टिकतं ते अजमावायचं असेल तर याहून सोपी सोय कुठेच नाही. फळीच्या भोकातून सामना बघणाऱ्या पोरांची ही जुनीच परंपरा आहे.

अटलांटा

आसनांबद्दल कळकळीने सांगायचंय. डगआउटच्या (संघाचे खेळाडू बसतात त्या मैदानाकाठच्या जागेच्या) पलीकडच्या टोकापर्यंत तरी आता सगळीकडे जाळी आहे. लहान मुलाला जाळीमागेच बसवा. फाउल चेंडू ताशी १६० किलोमीटरच्या वेगानेही येतो आणि त्याचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं. ग्लव्ह घातलेलं सहा वर्षांचं मूल तो झेलू शकत नाही. जाळीबाहेर बसलातच, तर पिचर चेंडू टाकत असताना मुलाशी बोलू नका, त्याला खाऊ देऊ नका. अपघात नेमका तेव्हाच होतो.

ऊन: बहुतेक मैदानांत होम प्लेटकडून मधल्या मैदानाची दिशा ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे झुकते. त्यामुळे दुपारनंतर सावली आधी येते ती होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला. उजव्या मैदानामागचे बाक शेवटपर्यंत तापतात. तिकीट घेताना रांग बघा. वरच्या मजल्याचं किंवा छपराचं आच्छादन असलेल्या मागच्या रांगा पुढच्या रांगांपेक्षा स्वस्त, आणि मुलांसाठी जास्त सुखाच्या.

डॅलस

आर्लिंग्टनचं २०२० चं मैदान सरकत्या छताचं आणि वातानुकूलित आहे, त्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही प्रश्न मिटतात. पण तिथे रेल्वे नाही. पार्किंग आधीच विकत घ्या आणि गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढून ठेवा.

पावसाचा नियम छत नसलेल्यांसाठी: पाच इनिंग (यजमान पुढे असतील तर साडेचार) झाल्या की सामना अधिकृत. त्यानंतर थांबला तर तिकीट पुन्हा चालत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

शाकाहारी मुलांचं खाणं. प्रेत्झेल, सालीसकट भाजलेले शेंगदाणे, गूळपाक लावल्यासारखे लागणारे क्रॅकर जॅकचे पॉपकॉर्न, चीज-नाचो सगळीकडे मिळतात. फ्राइज घेताना त्याच तेलात चिकन तळतात का ते विचारा, बऱ्याचदा तळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी काही संघ ठरावीक दिवशी शेंगदाणामुक्त विभाग ठेवतात, तो आधी फोन करून राखून घ्यावा लागतो.

अनेक मैदानांत घरचं खाणं चालतं: पारदर्शक पिशवीत, एकेका माणसाचा वाटा वेगळा, पाणी सील न उघडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत. थेपले आणि चटणी सँडविच उत्तम. रस्सा, दही, काचेची बरणी नको. बॅगेचा आकार त्या मैदानाच्या साइटवर त्याच आठवड्यात तपासा, पाठीवरची सॅक पुष्कळ ठिकाणी परत पाठवतात.

सातव्या इनिंगच्या मधोमध सगळं मैदान उठून गाणं म्हणतं. 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे १९०८ सालचं गाणं, शेंगदाणे आणि क्रॅकर जॅक त्यातही आहेत. ध्रुवपद घरी पाठ करून घ्या. चाळीस हजार लोकांत आपल्यालाही शब्द येतात, हे मुलाला फार मोलाचं वाटतं.

सिअॅटल

आठवणीच्या वस्तू. तिकीट आता फोनवरच असल्याने हातात काही उरत नाही. म्हणून आत शिरल्यावर प्रेक्षक-मदत केंद्रात "पहिला सामना" असं प्रमाणपत्र मागा. बहुतेक मैदानांत ते फुकट मिळतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. हे काम पहिल्या इनिंगआधी करा, नंतर रांग वाढते.

चेंडू हवा असेल तर इनिंगचा तिसरा बाद झाल्यावर डगआउटच्या वरच्या पायऱ्यांपाशी मुलाला उभं करा. मैदानातून परतणारा खेळाडू हातातला चेंडू बहुतेक वेळा मुलाकडेच टाकतो. मुलाने खेळाडूचं नाव घेऊन "प्लीज" म्हणावं, आणि झेल मात्र पालकांनी घ्यावा.

रविवारी बऱ्याच संघांकडे सामन्यानंतर मुलांना बेसवरून पळू देतात. चार बेस, एकापासून पुढचा ९० फुटांवर. रांग आठव्या इनिंगपासूनच लागते, आणि सामना अटीतटीचा असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाने मुलासोबत रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने स्कोअरकार्ड पूर्ण करावं. बूट नाडीचे घाला. सँडल दुसऱ्या बेसच्या वळणावर निसटते, आणि मागून शंभर मुलं येत असतात.