खिशात मावेल असं वाफ घ्यायचं मशीन सुचवा (बजेट ८००, वरून एक रुपया नाही)

काटेवाला_हिंगणघाट
रामराम मंडळी. मी जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) काट्यावर असतो, कापसाच्या गाड्या मोजणं अन पावत्या फाडणं. दिवाळी झाली का जिनिंग सुरू होते अन माझी छाती भरते. रुईचा फुफाटा एवढा उडते का संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालात वात निघते. बिडी सोडून दोन वर्ष झाले, म्हणजे तो दोष नाही. रात्री घरी गंजात (पातेल्यात) पाणी उकळून चादर घेऊन वाफारा घेतो, बरं वाटते, पण दुपारी काट्यावर गंज कुठून आणू? भाच्यानं मोबाइलवर एक दाखवलं, मार्करपेनाएवढं. वाळलेला पाला भरायचा, तुळस म्हणा अडुळसा म्हणा, बटन दाबलं का पाला जळत नाही, नुसता तापते, अन त्याची वाफ ओढायची. चार्जिंगवर चालते. पण २६०० ला आहे. असं काही ८०० च्या आत भेटते का? काट्याच्या खोलीत बोर्ड आहे पण लाइनीचा भरवसा नाही. ज्यानं वापरलं असंल त्यानंच सांगा.

संत्रा_आंबियाबहार
८०० मध्ये काही येत नाही भाऊ, उगाच पैसे घालवशील. मी ३२०० चं नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करून नाकातोंडानं ओढायचं मशीन) घेतलं, कंप्रेसरवालं, दोन वर्षाची वॉरंटी. सुरू केलं का फवारणीच्या पंपासारखं घरघर करते, शेजारच्याले वाटते मी रात्री संत्र्यावर फवारा मारून राहिलो. पण चीज एक नंबर.

काटेवाला_हिंगणघाट
दादा खिशात मावलं पायजे लिहिलं आहे. अन ८००.

संत्रा_आंबियाबहार
खिशात कायले ठेवतं, दुपारी जेवाले घरी येतच असशील न.

दर्यापूरचा_खारा
मेडिकलवर ते रंगीत प्लास्टिकचं भेटते, २५० रुपये, तेच घे. पण माझी गोष्ट ऐकून घे अगोदर. आमचा भाग खारपाणपट्टा, पूर्णेच्या काठचा, बोरचं पाणी तोंडात धरवत नाही एवढं खारं. त्या मशीनमधे आत दोन पट्ट्या असतात अन करंट पाण्यातूनच जाते, पाणी तापायचं कारणच ते आहे. डब्यावर लिहिलं होतं वाफ कमी आली तर चिमूटभर मीठ टाका. म्या म्हटलं आमच्या पाण्यात तर मीठ देवानंच टाकलं आहे. बोरचं पाणी भरलं, पिन लावली, दोन मिनिटं झाले नसतील का भसाभसा उकळून नाकावर उडालं अन घरचा फ्यूज गेला. नाकाच्या शेंड्यावर अजून डाग आहे. मग दुसऱ्या दिवशी गावच्या आरओ एटीएमचं पाणी आणलं तर अर्धा घंटा झाला, वाफेचा पत्ता नाही, पाणी कोमटच. म्हणजे खारं पाणी उडते अन गोडं पाणी तापत नाही. आता आरओच्या पाण्यात चार थेंब बोरचं टाकतो, जमते बरोबर.

फुलसावंगी_एक्सप्रेस
😂😂 चार थेंब मोजून टाकते का रे

दर्यापूरचा_खारा
हो, पोराच्या ड्रॉपरनं. हसायचं काय त्याच्यात.

मामाचं_ऐका
आधी ते पेनवालं पाल्याचं मशीन कॅन्सल करा. ते गांजा ओढायचं मशीन हाये लेका, तुळशीचं नाव फक्त पुढं करते. तुझा भाचा कोणत्या गावाले शिकाले आहे, एकदा त्याच्या खोलीवर जाऊन ये.

काटेवाला_हिंगणघाट
भाचा आयटीआयले आहे, सुपारीसुद्धा खात नाही.

मामाचं_ऐका
सगळ्यांचेच भाचे सुपारी खात नाही भाऊ.

मेडिकलवाला_३०वर्ष
भाच्याचं सोडा, मुद्द्याचं सांगतो. ते यंत्र पाला १८०-२०० डिग्रीवर तापवते. जळत नाही हे खरं, पण तुम्हाला जी ओली वाफ पाहिजे ती त्याच्यात नाही, कोरडी गरम हवा येते अन पाल्यातलं तेल. आधीच घसा कोरडा असलेल्या माणसानं ती ओढली तर खोकला वाढंल. दुसरं म्हणजे २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदीचा कायदा आला त्यात निकोटीन असो का नसो, एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ ओढायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हटलं आहे. विकणं, बाहेरून मागवणं, जाहिरात, साठा, सगळं बंद. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा २६०० पाठवून बसाल अन पार्सल येणार नाही. आलं तर तक्रार कोणाकडे कराल?

फुलसावंगी_एक्सप्रेस
मग दुकानातलं वाफेचं मशीन बी बंद झालं का? ते बी तापवूनच वाफ देते

मेडिकलवाला_३०वर्ष
त्याच्यात पाणी उकळते हो. माझ्या दुकानात दहा पडले आहे, घेऊन जा.

पुण्यात_राहणारा_पांढरकवडेकर
दादा, मेश नेब्युलायझर बघा. मुठीत मावतं, आवाज नाही, सेल किंवा यूएसबीवर चालतं, पॉवरबँक लावली की झालं. मी १९०० ला घेतलं होतं, बजेटच्या बाहेर आहे माहितीय पण एकदाच खर्च. फक्त एक चूक करू नका. मला वाटलं नुसतं सलाइन कशाला, म्हणून दोन थेंब निलगिरीचं तेल टाकलं. त्यात एक बारीक जाळी असते, ती थरथरते आणि औषधाचे कण उडतात. तेलाने ती जाळी बसली ती बसलीच. व्हिनेगर, गरम पाणी, टूथब्रश, सगळं करून पाहिलं, टूथब्रशने तर फाटलीच. नंतर डॉक्टर म्हणाले मशीन गेलं ते बरं झालं, तेलाचे बारीक कण फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

आक्का_आर्वीच्या
एवढे पैसे कशाले बाबू. ओवा तव्यावर भाजायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची अन हुंगायची. खिशातच मावते, चार्जिंग लागत नाही. आमचे मामंजी तर दम लागला का धोत्र्याचं वायलेलं पान बिडीत भरून ओढत, दोन झुरक्यात छाती मोकळी होय. मशीन कोणाले माहीत होतं तेव्हा.

मेडिकलवाला_३०वर्ष
आक्का, ओवा ठीक आहे, धोत्रा कोणाला सांगू नका. दम मोकळा व्हायचा हे खोटं नाही, पण पान किती अन विष किती हे कोणाला मोजता येते? माणूस दोन दिवस बरळते, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होते, जास्त झालं तर जाते. त्याच जातीचं औषध आता दम्याच्या पंपात (इनहेलरमध्ये) मोजून येते.

आक्का_आर्वीच्या
मामंजी ८४ वर्षं जगले.

संत्रा_आंबियाबहार
पंपाची सवय लागते एकदा घेतला का. म्हणून तर मी नेब्युलायझर घेतलं.

मेडिकलवाला_३०वर्ष
नेब्युलायझरच्या कपात काय टाकता तुम्ही?

संत्रा_आंबियाबहार
डॉक्टरनं दिलेल्या त्या छोट्या कुप्या.

मेडिकलवाला_३०वर्ष
पंपात तेच असते. ३२०० मध्ये सवय लागत नाही, पंपात लागते का?

फुलसावंगी_एक्सप्रेस
🔥🔥 बरं कापूस काय भाव चालू आहे हिंगणघाटले? इकडं व्यापारी ओला म्हणून कापते

दर्यापूरचा_खारा
ओला म्हणून कापणं हे तर दरसाल आहे. आमच्याकडे भर उन्हात वाळवून नेला तरी मूठ दाबून म्हणते थंड लागते.

काटेवाला_हिंगणघाट
भावाचं दुसऱ्या धाग्यात घ्या न बावा. काट्यावर दिवसभर हेच ऐकतो.

उपकेंद्रातली_ताई
एवढे सगळे मशीन सांगून राहिले पण भाऊला कोणी विचारलं का त्रास कधी होते. काटेवाले भाऊ, रविवारी जिनिंग बंद असते न? मग सोमवारी छाती जास्त आवळते का, अन बुध-गुरुवारपर्यंत कमी होते का?

काटेवाला_हिंगणघाट
हो ताई!! तुम्हाले कसं माहीत. सोमवारी दुपारनंतर तर अशी आवळते जसा कोणी पट्टा बांधला. आमचे हमाल याले सोमवारचा ताप म्हणते, मले वाटे रविवारच्या मटणाचं आहे.

उपकेंद्रातली_ताई
मटणाचं नाही भाऊ. कापसाच्या धुळीचा रोग असते, बिसिनोसिस म्हणते त्याले. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण, पुढं वाढला का मग आठवडाभर राहते. मी काही डॉक्टर नाही, तुम्हाला तेच आहे असं म्हणत नाही, पण वाफ घेऊन हे दबवू नका. वाफेनं नाक मोकळं होते, खाली नळ्या आवळल्या असतील त्या मोकळ्या होत नाही, दमेकऱ्याला तर गरम वाफेनं उलटा त्रासही होते. तुम्हाला सेवाग्राम जवळ आहे, कस्तुरबा दवाखान्यात जा, नळीत फुंकायची तपासणी करा, अन सांगा का जिनिंगवर काम करतो. जमलं तर तपासणी सोमवारी कामावरून आल्यावर एकदा अन सुट्टीत एकदा, फरक दिसते. अन कागद जपून ठेवा. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत कापसाच्या धुळीच्या या रोगाचं नाव आहे. दुपट्टा बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क घ्या, ८०० मध्ये बरेच येते.

संत्रा_आंबियाबहार
म्हणजे नेब्युलायझरच लागंल बघा. मी आधीच म्हटलं होतं.

पुण्यात_राहणारा_पांढरकवडेकर
ताईंशी सहमत. आणि डॉक्टरांनी औषध लिहिलंच तर रोटाहेलर मागा, कॅप्सूल टाकायची, फिरवायचं, ओढायचं. खिशात मावतं, सेल नाही, लाइन नाही. तुमच्या सगळ्या अटी त्यातच बसतात. मला आधी कोणी सांगितलं असतं तर १९०० वाचले असते.

मामाचं_ऐका
मास्क घालून पावत्या फाडशील तर मालक म्हणंल नाटकं करते. स्वानुभव.

काटेवाला_हिंगणघाट
बरोबर आहे मामा, इथं मास्क घातला का हमाल विचारते कोणाची मयत आहे. पण घेईन.

(बारा दिवसांनी)

काटेवाला_हिंगणघाट
सगळ्यांचं वाचलं, आभार. पेनवालं कॅन्सल, भाचा रुसला आहे. प्लास्टिकवालं घेणार होतो पण दर्यापूरच्या दादाचं नाक डोळ्यासमोर आलं. शेवटी मंगळवारच्या बाजारात एक स्टीलचा थर्मास घेतला, ६५० ला, एक लिटरचा. सकाळी घरून उकळतं पाणी भरून नेतो, दुपारी मगात ओततो, वरून दुपट्टा अन दहा मिनिटं वाफ. लाइन गेली तरी चिंता नाही. उरलेल्या पैशाचे तीन मास्क आणले, सोमवारी घातला, फरक वाटते. सेवाग्रामले सोयाबीनचे पैसे जमा झाले का जाईन.

उपकेंद्रातली_ताई
पैसे जमा व्हायची वाट पाहू नका भाऊ, सोमवारीच जा.

मेडिकलवाला_३०वर्ष
खिशात मावते का थर्मास?

काटेवाला_हिंगणघाट
नाही मावत. काट्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. परवा हमालांनी त्याच्यात चहा आणला न विचारता, म्या ओवा टाकून ठेवला होता बुडाशी. आता रोज म्हणते तोच चहा आण, घसा मोकळा होते.

आक्का_आर्वीच्या
ओवा म्या सांगतला होता.

फुलसावंगी_एक्सप्रेस
कोणत्या कंपनीचा थर्मास? मले शेतात रात्रपाळीच्या लाइनीवर पाणी द्यायले जातो तेव्हा पायजे, बजेट ३००