शेवळं मिळाली, काकडं नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पाऊस पडला आणि बदलापूरच्या बाजारात शेवळं (पावसाळ्यात येणारी, घशाला खाजणारी रानभाजी) आली. दोन जुड्या आणल्या, पण काकडं (शेवळांची खाज मारायला घालतात ती आंबट रानफळं) कुणाकडेच नव्हती. वरचं आवरण सोडवून दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकलाय, बाकीचं बारीक चिरलंय. खाज मारायला काकडांच्या रसाऐवजी चिंचेचा कोळ पुरेल का? दोन जुड्यांना साधारण किती घालू? की परसातली अंबाडी चालेल? सोबत कोलंबी नाही, सोललेले वाल घालणार आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांचा घसा खवखवायला नको, म्हणून अंदाजाने करायचं नाहीये. ज्यांनी काकडांशिवाय स्वतः केलीत, त्यांनी कृपया सांगा. आणि पुढच्या वेळी काकडं मिळालीच, तर त्यांचा रस फ्रीझरमध्ये टिकतो का?