‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय? : ॲनिमेशनच्या बिघाडांसाठी मराठी क्रियापदे

प्रश्न (मालवण)

मालवण परिसरातील निवास-न्याहारी आणि नौकाविहार व्यावसायिकांसाठी मी संकेतस्थळे तयार करतो. त्यांपैकी एका पानावर मालवणच्या धक्क्यावरून निघून सिंधुदुर्ग किल्ल्याला लागणारी होडी स्क्रिप्टच्या (पानात लिहिलेल्या आज्ञावलीच्या) साहाय्याने हलती दाखवली आहे. बहुतेक ब्राउझरांत ती नीट जाते, एका ब्राउझरमध्ये मात्र जात नाही. आणि ज्यांना हा अनुभव येतो ते सर्व जण फोनवर एकच वाक्य सांगतात : ‘होडी चलणा नाय.’ प्रमाण मराठीत लिहितानाही आपण ‘ॲनिमेशन चालत नाही’ याच्या पुढे जात नाही. प्रत्यक्ष पडदा पाहिला तर प्रत्येकाकडे निराळेच काही घडत असते. तक्रार नोंदवताना लोकांनी निवडावीत अशी नेमकी क्रियापदे मला एका छोट्या अर्जात द्यायची आहेत. ती कोणती असावीत, आणि त्यांच्या अर्थांच्या सीमा कोठे आखाव्यात?

उत्तर (रत्नागिरी)

आपला प्रश्न भाषेचा आहे तितकाच दोष शोधण्याचाही आहे, कारण क्रियापद अचूक मिळाले तर स्क्रिप्टचा कोणता भाग आधी तपासायचा हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून मी अर्थ आणि कारण बरोबरच मांडतो.

‘जागची हलत नाही’ आणि ‘पान ठप्प आहे’ हे दोन प्रयोग प्रथम वेगळे करावेत. होडीबरोबर मेनूही उघडत नसेल, बटणेही दाद देत नसतील, तर ते पान ठप्प आहे. स्क्रिप्टची फाइल चालवण्याआधी ब्राउझर ती वाचून तिची रचना तपासतो आणि त्याला न समजणारी रचना एके ठिकाणी जरी आढळली तरी ती संपूर्ण फाइल नाकारतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या सूत्रातील) ‘लुकबिहाइंड’, म्हणजे नमुन्याच्या आधी काय आहे हे तपासणारी खूण. सफारीने ते 16.4 या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये स्वीकारले; त्याआधीच्या सफारीत अशी एकच ओळ, मग तिचा होडीशी काहीही संबंध नसला तरी, सगळी फाइल निकामी करते. याउलट मेनू उघडतो, छायाचित्रे दिसतात आणि केवळ होडी धक्क्याला राहते, तेव्हा फाइल वाचली गेलेली असते आणि चालता चालता एखाद्या ओळीवर अडलेली असते. घटकावर, म्हणजे पानावरील होडीच्या चित्रावर, थेट ‘ॲनिमेट’ ही हालचाल देणारी आज्ञा वापरली असेल तर हे संभवते, कारण ती क्रोममध्ये 2014 पासून असली तरी सफारीत 13.1 या आवृत्तीबरोबर 2020 मध्ये आली. दोन्ही प्रसंगी कन्सोलमधला (ब्राउझर जेथे चुका नोंदवतो त्या खिडकीतला) लाल संदेश पाहायचा असतो; पहिल्यात तो रचनेविषयी तक्रार करतो आणि दुसऱ्यात विशिष्ट ओळीविषयी.

‘उडी मारते’ हे क्रियापद अर्जात अवश्य ठेवावे. धक्क्यावरची होडी मधले पाणी न कापता एकदम किल्ल्यापाशी दिसते, तेव्हा स्क्रिप्ट पूर्ण चाललेली असते आणि कन्सोलमध्ये काहीच सापडत नाही. ‘चालत नाही’ असे ऐकून शोध घेणारा माणूस इथे फार वेळ घालवतो. होडीचे आरंभस्थान आणि अंतिम स्थान स्क्रिप्टने लागोपाठ लिहिले, तर ब्राउझर दोन्ही बदल एकत्र करून शैलीचा (काय कोठे आणि कसे दिसावे याचा) हिशोब एकदाच करू शकतो. मग आरंभस्थान त्याच्या खिजगणतीत येत नाही, आणि ज्याला आरंभ नाही त्याला मधला प्रवासही नाही. हे दोन बदल एकाच फ्रेममध्ये (पडदा एकदा रंगवण्याच्या फेरीत) पडतात की दोन फ्रेममध्ये, हे कधी कधी ब्राउझरच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते. त्यामुळे एका ठिकाणी होडी सरकते आणि दुसऱ्या ठिकाणी उडी मारते. दोन बदलांच्या मध्ये घटकाची ‘ऑफसेट विड्थ’ (पडद्यावरील रुंदी) वाचली की ब्राउझरला तेथेच हिशोब करावा लागतो.

वेगासाठी ‘सुसाट जाते’ आणि ‘रेंगाळते’ असे दोन शब्द पुरतील, आणि त्यांचे मूळ अनेकदा एकच निघते. ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’च्या, म्हणजे पुढची फ्रेम रंगवण्याआधी ब्राउझर स्क्रिप्टला देतो त्या, प्रत्येक हाकेला होडी 4 पिक्सेल पुढे न्यायची असे लिहिले असेल, तर सेकंदाला 60 वेळा रंगणाऱ्या पडद्यावर ती सेकंदात 240 पिक्सेल जाते, 120 वेळा रंगणाऱ्या पडद्यावर 480 आणि आयफोनच्या बॅटरी वाचवण्याच्या स्थितीत सफारी हाकांची संख्या 30 वर आणते तेव्हा 120. या तिन्ही ठिकाणी ब्राउझर आपले काम चोख करीत असतो. प्रत्येक हाकेबरोबर वेळेची नोंद मिळते. किती फ्रेम झाल्या याऐवजी किती वेळ गेला यावरून स्थान काढले की वेग सर्वत्र सारखा राहतो.

‘अडखळते’ हा शब्द उरलेल्या सर्व प्रकारांसाठी वापरावा असे मला वाटते.

उत्तर (वेंगुर्ला)

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अडखळण्यात वाटेतला अडथळा अभिप्रेत आहे. पाय अडखळतो, वाचताना जीभ अडखळते, आणि लगेच पुढची चाल पूर्ववत होते. प्रवासभर सतत जे जाणवते त्याला आपल्याकडे ‘गचके’ म्हणतात, आणि एसटीने घाट उतरलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. होडी गचके खात जात असेल तर सेकंदाला 60 वेळा रंगणाऱ्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमचे काम 16.7 मिलिसेकंदांत आटोपत नाही असे समजावे. ‘लेफ्ट’ किंवा ‘टॉप’ (डावीकडून आणि वरून असलेले अंतर) बदलून होडी हलवली असेल तर ब्राउझरला दर फ्रेमला पानाची मांडणी पुन्हा तपासावी लागते. ‘ट्रान्सफॉर्म’ या शैलीच्या गुणधर्माने हलवली तर मांडणीला हात न लावता तो आधीच रंगवलेला थर सरकवू शकतो.

‘थांबते’ आणि ‘थबकते’ यांतही भेद राखावा. थबकलेली वस्तू पुन्हा निघते, जसे मोठे छायाचित्र उलगडत असताना होडी क्षणभर थबकते. मध्येच थांबली आणि निघालीच नाही, तर फ्रेमच्या कामात चूक होऊन पुढच्या फ्रेमची मागणी करणारी ओळ गाठलीच गेली नाही, ही शक्यता आधी पाहावी.

प्रश्नकर्ता (मालवण)

हे भेद लोकांना सहज कळतील, कारण ‘थबाकता’ आणि ‘गचके’ हे त्यांच्या बोलण्यातलेच शब्द आहेत. आणखी एक अडचण ‘ब्राउझर’ या शब्दाची आहे. ‘सफारीत जात नाही आणि क्रोममध्येही जात नाही’ असे आयफोनवाले सांगतात, तेव्हा हा दोष एका ब्राउझरपुरता म्हणावा की नाही?

उत्तर (रत्नागिरी)

गचके आणि थबकणे यांविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे. ‘अडखळते’ अर्जातून वगळावे.

भारतातील आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडले तरी पान रंगवणारे इंजिन वेबकिटच असते, आणि सफारीचेही तेच. त्यामुळे दोन ब्राउझर सांगितले गेले तरी साक्ष एकाचीच आहे, आणि अर्जात ब्राउझरच्या आधी फोन विचारणे श्रेयस्कर ठरेल. तसेच ज्यांनी हालचाल कमी ठेवण्याची सोय फोनमध्ये चालू केली आहे, त्यांच्याकडे होडी स्थिर दिसावी अशीच आपण स्क्रिप्ट लिहिली असेल, तर त्यांचे ‘चलणा नाय’ हे बिघाडाचे वर्णन नाही. क्रियापदांच्या यादीआधी ‘फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय चालू आहे का?’ हा प्रश्न घालावा आणि उत्तर ‘होय’ आले तर पुढील यादी दाखवू नये.